आंबा फ्रीजमध्ये का बिघडतो आणि द्राक्ष का टिकतं?

एकाच फ्रीजच्या एकाच कप्प्यात अथणीकडची द्राक्षं आणि आंबोली घाटातून आलेला कच्चा हापूस शेजारी-शेजारी ठेवा. आठवड्याने बघाल तर द्राक्षं जवळपास ठेवली तशीच असतील. आंब्याच्या सालीवर मात्र राखाडी-काळपट चट्टे उठलेले असतील. बाहेर काढून ठेवला तरी तो धड पिकत नाही, आणि चिरला तर आत फिक्कट, बेचव. थंडी दोघांना सारखीच मिळाली. मग एकाला मानवली आणि दुसऱ्याला बाधली, ती का?

आपल्या सीमाभागात हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. पश्चिमेला खानापूरचा फणस, दक्षिणेला कित्तूर-धारवाडचा हापूस, पूर्वेला अथणी-विजापूरची द्राक्षं आणि डाळिंबं, शिवाय घाटाखालून येणारा कोकणचा माल. इतक्या वेगवेगळ्या स्वभावाची फळं बेळगावच्या बाजारात एकत्र येतात, आणि आपल्याकडे सगळ्यांवर उपाय एकच: फ्रीजमध्ये टाक.

तोडलेलं फळ श्वास घेतंय

झाडावरून उतरवलं म्हणून फळ मेलेलं नसतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, आतली साखर आणि आम्लं थोडी थोडी खर्च करतं, आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतं. झाडावर होतं तोवर हा खर्च पानांकडून भरून निघत होता. देठ तुटला की आवक बंद. त्यानंतर बरोबर बांधून आणलेल्या शिदोरीवरच दिवस काढायचे. शिदोरी संपत आली की फळ मऊ पडतं, सुरकुततं आणि बुरशीला आयतंच सापडतं.

ही उष्णता हाताला कळते. घरी आंब्याची आढी घातली असेल तर दोन-तीन दिवसांनी गवतात मनगटापर्यंत हात घालून बघा. वरचा थर साधा लागतो, मधोमध चांगली ऊब लागते. ती ऊब गवताची नव्हे, आंब्यांच्या श्वासाची. आणि गंमत अशी की उबेने श्वास आणखी वाढतो, त्याने ऊब आणखी वाढते. पिकवायचं असेल तेव्हा हे चक्र उपयोगाचं. टिकवायचं असेल तेव्हा तेच मुळावर येतं.

ढोबळ हिशेब असा: तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वासाचा वेग दुप्पट होतो, काही फळांत तिप्पटही. दुपटीने धरलं तरी 35 अंशांत गेलेला एक दिवस हा 15 अंशांतल्या चार दिवसांबरोबर झाला. सकाळी तोडलेला माल टेम्पोची वाट बघत दुपारपर्यंत बांधावर उन्हात पडला, तर त्याचं बरंचसं आयुष्य बांधावरच खर्च झालेलं असतं. पुढे तो कितीही भारी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवा, ते दिवस काही परत येत नाहीत. थंडीने फळ सुधारत नाही. बिघडण्याचा वेग तेवढा कमी होतो. माझ्या मते आपल्याकडे कोल्ड स्टोरेजबद्दल जेवढं बोललं जातं, त्याच्या दशांशही बांधावरच्या सावलीबद्दल बोललं जात नाही.

पिकणारी आणि न पिकणारी

आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, फणस ही फळं तोडल्यावर पिकतात. बहुतेकांत आतल्या पिष्टाची साखर होते, रंग बदलतो, वास सुटतो. द्राक्ष, डाळिंब, अननस, लिंबूवर्गातली फळं यांचं तसं नाही. आंबट द्राक्षाचा घड घरी चार दिवस ठेवला तर तो गोड होत नाही, नुसता सुकतो. त्यामुळे टिकवण्याचा अर्थही दोन्हीकडे वेगळा. पहिल्या गटात पिकण्याची सुरुवात लांबवायची असते. दुसऱ्या गटात पाणी राखायचं आणि बुरशी रोखायची, एवढंच.

पहिल्या गटाला पिकण्याचा इशारा देतो तो इथिलीन वायू. फळ तो स्वतःच सोडतं, आणि शेजारच्या फळालाही तो लागू पडतो. प्रमाण किती? हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे 1 पीपीएम, इतका इथिलीन हिरव्या केळ्यांना पिकायला लावायला भरपूर झाला. पिचलेलं, ओरखडा पडलेलं फळ तो जास्तच सोडतं. म्हणून पेटी भरताना त्यात एक पाडाचा किंवा मार लागलेला आंबा गेला की बाकीच्यांचाही मुहूर्त लागला म्हणून समजा. पिकती केळी आणि पालेभाजी एका बंद गाडीत घालण्यातही हाच धोका: पाला पिवळा पडतो, आणि दोष मात्र भाजी देणाऱ्यावर येतो.

इथिलीन शोषून घेणाऱ्या पुड्या बाजारात मिळतात. त्यात बहुधा पोटॅशियम परमँगनेट असतं. जांभळा रंग जाऊन तपकिरी झाला की पुडीचं काम संपलं.

कार्बाइडचं प्रकरण याच वायूशी जोडलेलं आहे. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो, तो इथिलीनची थोडीफार नक्कल करतो. त्याबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या संयुगांचे अंशही येऊ शकतात, म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर देशात बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली 100 पीपीएमपर्यंत परवानगी दिली. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, हेच चालतं: 18 ते 20 अंश तापमान, दमट हवा, ठरावीक तास इथिलीन, आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड मधून मधून बाहेर सोडणं. चेंबरमध्ये पिकवलेलं फळ म्हणजे भेसळीचं, असं सरसकट म्हणणारे खूप भेटतात. ते खरं नाही. फळ तयार होण्याआधीच तोडलेलं असेल तर मात्र आढी घाला नाहीतर चेंबरमध्ये ठेवा, रंग येईल, चव येणार नाही. कोकणातले बागायतदार चौदा आणे तयार झालेला आंबा उतरवतात, त्याला कारण आहे.

प्रत्येकाची थंडी वेगळी

आता मूळ प्रश्नाकडे. पेशीच्या भोवती स्निग्ध पदार्थांचा एक पातळ पडदा असतो. उष्ण प्रदेशातल्या फळांत हा पडदा साधारण 12-13 अंशांच्या खाली ताठर होऊ लागतो. काही दिवस तसेच गेले की तो गळू लागतो, एरवी वेगळी राहणारी द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि साल काळी पडते. फ्रीजमधलं केळं काळं होतं ते यामुळेच. याला शीतइजा म्हणतात. फळ गोठलेलं नसतं, बर्फाचा कणही नसतो, तरी इजा झालेली असते.

कच्च्या हापूसला 12 ते 13 अंश मानवतात, हिरव्या केळ्यांना 13 ते 14. पेरूला 8 ते 10 चालतात. डाळिंब 5 ते 7 अंशांत दोन-तीन महिने काढतं. द्राक्षाला थेट 0 अंश लागतो, उणे 1 पर्यंतही ते गोठत नाही, कारण आतल्या साखरेमुळे त्याचा गोठणबिंदू खाली गेलेला असतो. घरचा फ्रीज असतो 3 ते 5 अंशांवर. म्हणजे द्राक्षाला तो जरा गरमच, आणि कच्च्या आंब्याला फारच गार.

फळ पिकलं की त्याची सोशिकता वाढते. पिकलेला आंबा चार-पाच दिवस फ्रीजमध्ये खुशाल ठेवावा. बेळगावच्या रविवार पेठेतले आंबेवाले हे शास्त्र न सांगता सांगतात: "कच्चा फ्रीजला लावू नका ओ, पिकला की मग लावा की." पिकलेलं केळंही चालतं, साल काळी होईल पण गर बरा राहतो.

शीतइजेची खरी फसवणूक अशी की ती थंडीत असताना बऱ्याचदा नीट दिसत नाही. गोदामातून माल हिरवागार, टवटवीत निघतो. बाजारात दोन दिवस ऊब लागली की चट्टे उठतात. मग गोदामवाला म्हणतो माझ्याकडून चांगला गेला, घेणारा म्हणतो मला सडका मिळाला, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. माल ठेवायला देताना खोलीचं तापमान किती, आत आणखी कोणती फळं आहेत, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नये. डाळिंबाच्या खोलीत कच्चा आंबा ठेवून घेणारा माणूस आपलं भाडं वसूल करतो, आंबा आपला जातो.

पहाटेची तोडणी आणि युनिटांचा हिशेब

एक टन आंबा 35 अंशांवरून 13 अंशांवर आणायचा तर त्यातून किती उष्णता काढावी लागेल? फळात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे गणित सोपं आहे: सुमारे 23 युनिट (माप विजेच्या बिलातलंच, पण इथे उष्णतेचं). तोच आंबा पहाटे, 22 अंशांवर असताना उतरवला तर साडेनऊ युनिट. निम्म्याहून जास्त काम रात्रीच्या गारव्याने फुकटात करून दिलं.

दीड टनी एसी तासाला सुमारे 5 युनिट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे कागदावर दुपारच्या मालाला साडेचार तास, पहाटेच्या मालाला दोनच. प्रत्यक्षात भिंती, दार, माणसांची ये-जा आणि फळांचा स्वतःचा श्वास धरून वेळ वाढतो, पण प्रमाण तेच राहतं. साधा एसी 16 अंशांच्या खाली उतरत नाही. त्याच्या सेन्सरला चकवणारा एक कंट्रोलर जोडून, भिंती-छताला थर्माकोल किंवा पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) अस्तर देऊन, 12-13 अंशांची खोली करता येते. आंबा आणि केळ्यांसाठी तेवढी पुरते. द्राक्षाला ती चालणार नाही. आणि कंट्रोलर नसला तरी 16 अंशांची बंद खोली ही 36 अंशांच्या पत्र्याच्या शेडपेक्षा केव्हाही बरी.

पहाटेच्या तोडणीला दोन पथ्यं आहेत. पहाटे आंबा रसरशीत असतो, देठातून चीक जोरात उडतो, आणि सालीवर ओघळला की तिथे भाजल्यासारखा काळा डाग पडतो. म्हणून थोडा देठ ठेवून तोडायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला त्यासाठीच आहे, आंबा देठासकट जाळीत पडतो, जमिनीवर नाही. दुसरं पथ्य द्राक्षाचं: मण्यांवर दव असताना घड काढू नये. ओल पेटीत गेली की बुरशी पाठोपाठ आलीच.

आंब्याच्या करप्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. ती बुरशी बहुधा फळ बागेत असतानाच सालीत शिरून गप्प बसते आणि आंबा पिकू लागला की काळ्या ठिपक्यांनी वर येते. थंडीने ती लांबते, मरत नाही. तिच्यावर इलाज म्हणजे तोडल्यावर लगेच 52 अंशांच्या गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवणं. इथे अंदाज चालत नाही, थर्मामीटर लागतो. पाणी थोडं जास्त तापलं की साल भाजलीच.

पेटी, पिशवी आणि पाणी

थंडीने श्वास आवरला तरी पाणी उडायचं थांबत नाही. फ्रीजची हवा कोरडी असते, कारण तिच्यातली ओल गार नळ्यांवर जमून निथळून जाते. वजनाच्या पाच टक्के पाणी गेलं की बहुतेक फळं सुरकुतलेली दिसू लागतात, आणि वजनावर विकायचं असेल तर ते पाणी म्हणजे पैसेच. म्हणून चांगल्या गोदामात आर्द्रता 90 ते 95 टक्के ठेवतात. ते जमत नसेल तर ओल फळाजवळच अडवायची, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी.

पिशवीचं काम ओल अडवण्यावर संपत नाही. आत फळ श्वास घेतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो पिशवीत 3 ते 5 टक्क्यांवर आला की फळाचा श्वास मंदावतो, पिकणं लांबतं. परदेशी जाणाऱ्या हिरव्या केळ्यांच्या खोक्यात आतून पॉलिथीनची पिशवी असते ती याच कारणाने. पण ऑक्सिजन जवळजवळ संपला तर फळ आतल्या आत आंबायला लागतं. गाठ मारून बांधलेली पेरूची पिशवी दोन दिवसांनी सोडली की जो दारूसारखा दर्प येतो, तो हाच. फळ जितकं वेगाने श्वास घेणारं आणि जागा जितकी उबदार, तितकी पिशवीला भोकं जास्त लागतात. 13 अंशांना बरोबर ठरलेली पिशवी टेम्पोत 35 अंशांना घात करते. घरी करायचं तर पिशवीला पाच-सहा भोकं पाडा आणि तोंड सैल ठेवा.

पेट्यांबद्दल थोडक्यात. आंब्याची जुनी लाकडी पेटी मजबूत असते, पण खिळ्या-कडांनी फळाला मार देते. गवत गादीचं काम करतं आणि ऊबही धरून ठेवतं, म्हणजे पिकवायला उत्तम, टिकवायला वाईट. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं असतील तरच गार हवा आत शिरते, बाजूच्या क्षेत्रफळाच्या सुमारे पाच टक्के. रचताना भोकासमोर भोक आणि कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे, कारण खोक्याची ताकद कोपऱ्यात असते. दमट गोदामात पुठ्ठा नरम पडतो. तिथे एकावर एक फार चढवले की सगळ्यात खालच्या थराचा रस निघतो.

द्राक्षाची पेटी मात्र उघडून बघण्यासारखी असते. आत प्लॅस्टिकचं अस्तर, तळाला फुगेवाला कागद, छोट्या पिशव्यांत घड, आणि सगळ्यांवर कागदासारखा एक चपटा पॅड. त्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड असते. पेटीतल्या ओलीने त्यातून गंधकाचा वायू, सल्फर डायऑक्साइड, हळूहळू निघतो आणि राखाडी बुरशीला वाढू देत नाही. ही बुरशी 0 अंशालाही वाढते, म्हणून नुसत्या थंडीवर भागत नाही. पॅडला दोन थर असतात: एक पहिल्या दिवसांत भरभर वायू सोडतो, दुसरा पुढे कित्येक आठवडे थोडा थोडा. काम नीट झालं तर द्राक्ष दीड-दोन महिने टिकतं.

इथे क्रम चुकला की पेटी गेली. आधी माल गार करायचा, मग पॅड ठेवून अस्तर बंद करायचं. गरम द्राक्षं तशीच बंद केली तर आत घाम सुटतो, पॅड एकदम वायू सोडतो, आणि देठाजवळ मणी पांढरट पडतात, खाताना गंधकाची चव लागते.

वीज नसेल तर

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात विजेशिवायचा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर जागा, त्यात वाळू, सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओलं गोणपाट. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. खर्च किरकोळ, गवंडीही गावातलाच.

पण हा कक्ष कुठे चालेल ते हवा ठरवते. अथणीला एप्रिलात 38 अंश आणि 25 टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने साधारण 22 अंशांपर्यंत उतरता येतं. खानापूरला जुलैत 24 अंश आणि 95 टक्के आर्द्रता असताना एक अंशही उतरत नाही, उलट ओलीने बुरशी वाढते. एकाच जिल्ह्यात एकच योजना दोन्ही टोकांना राबवली तर पश्चिमेकडे तिचं हसं होणार. पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या खानापूरच्या फणसाला वाळूचा कक्ष नको. कापा फणस असेल तर गरे काढून, आठळ्या वेगळ्या करून, डबाबंद करून फ्रीजला लावणं सोपं. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ते काही महिने राहतात, थोडे मऊ पडतात एवढंच. बरक्याची साठं घालावीत, पण उन्हं असतील तोवर. विटा-वाळूच्या कक्षाची मापं किंवा तापमानाबद्दल शंका असेल तर गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्येचं कॉलेज आहे, तिथे जाऊन विचारता येतं.

बाहेर काढताना

13 अंशांतली पेटी एप्रिलच्या दुपारी उघडली की फळावर क्षणात पाणी जमतं. त्या ओलीवर बुरशीचे बीजाणू रुजतात आणि पुठ्ठाही भिजतो. उपाय फुकट आहे: पेटी बंदच ठेवून सावलीत किंवा पंख्याखाली हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची, मग उघडायची. आणि बाहेर काढलेला माल विकला गेला नाही म्हणून संध्याकाळी पुन्हा आत, सकाळी पुन्हा बाहेर, असं करू नये. प्रत्येक फेरीला फळ भिजतं. जेवढा खपेल तेवढाच काढावा.

राहिला तो भाव न मिळालेला माल. अथणीकडे द्राक्षाचा दर पडला की शेतकरी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडच्या जाळ्यांवर पसरतात. मण्यांवरचा मेणाचा थर त्याने सैल होतो आणि पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. बेदाण्यात पाणी जेमतेम 15 टक्क्यांच्या आसपास उरतं, श्वासाचा प्रश्न मिटलेला असतो. तरीही तो सांगली-तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जातो, कारण उन्हाळ्याच्या उबेत त्याचा हिरवट-पिवळा रंग तपकिरी होतो आणि रंगावरच दर ठरतो. 4 अंशांच्या आसपास तो वर्षभर थांबतो. दर चढेल या आशेवर तिथे ठेवताना भाडं आणि वाहतूक आधी मांडून घ्यावी. कित्येकदा चढलेला दर तेवढ्यातच संपतो.